वस्तादांच्या वहीतला करकोचा

६ ऑक्टोबर

ताई,

पाकीट बघून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर आपण दोघं तिसऱ्या मिनिटाला भांडायला लागतो, म्हणून तूच म्हणाली होतीस की लिहीत जा, निदान एकाचं तरी बोलून पूर्ण होईल. तर हे घे. सातवीत शाळा सोडलेल्याचं अक्षर आहे, हसायचं नाही. चुका मनातल्या मनात दुरुस्त कर. चष्म्याच्या दुकानात असतेस, नजर तेज असणारच.

आधी तुझ्या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, नोकरी सोडलेली नाही. काचेच्या कारखान्यात आठ महिने झाले. माझ्या मानानं हे म्हातारपणच म्हणायचं. काम तेच. माणसाहून उंच काचा लाकडी घोडीवर तिरप्या उभ्या करायच्या, मधे बुचाचे तुकडे घालायचे, पट्टे आवळायचे, मग ट्रकबरोबर जाऊन तिकडे उतरवायच्या. एक काच हातातून सुटली की माणूस आठवडाभर मान वर करत नाही. माझी अजून सुटलेली नाही.

पण खोटं कशाला बोलू, पाय शिवशिवायला लागले होते. बंदरावर एक ओळखीचा आहे, तो म्हणतो, ये, क्रेनवर लावतो. मी पिशवी पलंगाखालून बाहेर काढून ठेवली होती. तेवढ्यात आमच्या ट्रकचे ड्रायव्हर, ज्यांना सगळे वस्ताद म्हणतात, ते दारात उभे. माझ्या शेजारच्याच खोलीत राहतात. पंचावन्नच्या पुढचे, एकटेच, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारे. म्हणाले, “रविवारी काय करतोस?”

“झोपतो.”

“झोप काय, मेल्यावर आहेच. चल पाखरं बघायला.”

मला वाटलं थट्टा करतायत. पण माणूस एकोणीस वर्षं दर शरदात एक रविवार गाडी काढून जातो, आणि जे दिसेल ते वहीत लिहितो. निळी पुठ्ठ्याची वही. यंदा म्हणाले, बरोबर कुणीतरी हवं, कंटाळा येतो एकट्याला. आणि मला निवडलं! पूर्ण कारखान्यात मला!

मी म्हटलं, पक्ष्यांना बघायला लोक पहाटे अंधारात निघतात ना? तर म्हणाले, “ते हौशी लोक. आपण पुरतं उजाडल्यावर निघायचं. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे मला आवडत नाहीत.” आभाळ भरून आलं होतं, तर स्वारी खूश. मला वाटायचं, ऊन चांगलं. त्यांना ढग चांगले वाटतात.

ताई, काय दिवस गेला म्हणून सांगू. त्यांची स्वतःची छोटी जुनी गाडी आहे, तिच्यात माझे गुडघे हनुवटीला लागत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं पिवळी झालेली, पानं काचेवर येऊन चिकटायची. आणि वस्तादांनी सगळा रस्ता माझी शाळा घेतली. बोर्ड आला की, “मोठ्यानं वाच.” मी वाचायचो, ‘पुढे अरुंद पूल.’ ‘डावीकडे धरण.’ “शाब्बास. वाचन सुधारेल तुझं.” सिग्नलला थांबलो की, “रंग कोणता?” मी म्हटलं, “वस्ताद, सातवीपर्यंत गेलोय मी. रंग बालवाडीत होतात.” तर हसून म्हणाले, “उजळणी कर, उजळणी.” ट्रकमध्येही हेच करतात, आठ महिने. माझ्यासाठी एवढे कष्ट एकाही मास्तरानं घेतले नव्हते.

दुर्बीण दिवसभर माझ्याच गळ्यात. एकदाही मागितली नाही. असा दिलदार माणूस मी पाहिला नाही. आणि विद्या किती! धरणाच्या भिंतीवर थर्मासातला चहा ओतत होते, निम्मा पेल्यात आणि निम्मा भिंतीवर, पण लक्ष सगळं आभाळात. मान वरसुद्धा न करता म्हणाले, “क्रौंच आले. मोज.” मला आधी काही दिसेना. मग लांबून तिरकी रेघ सरकत आली. त्रेचाळीस होते. मी दोनदा मोजले. म्हटलं, “बघा, यांना कुणी विचारत नाही का जागा सोडून चाललास म्हणून.” तर म्हणाले, “ती दर साली त्याच पाण्यावर उतरतात, ते कुणी सांगायचं?”

दुपारी दलदलीपाशी गेलो. पाणकणसं माझ्या डोक्यापर्यंत उंच. तिथे ते एकेक विचारत गेले आणि मी सांगत गेलो. बदकाच्या डोक्याचा रंग कोणता, शेपूट खाली-वर हलतं की नाही, आणि मी सांगितलं की ते नाव सांगायचे. परीक्षाच. पण पहिल्यांदाच मी परीक्षेत पास होत होतो. आणि सगळ्यात शेवटी मला काळा करकोचा दिसला! एकोणीस वर्षांत त्यांना तिथे एकदाही दिसला नव्हता. पोट पांढरं, चोच लाल, पाय लाल, पुस्तकात आहे अगदी तस्सा. वस्तादांनी टोपी काढली. खरंच काढली. मग वहीत लिहिलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

चार वाजताच परत फिरायची घाई केली. अंधार पडायच्या आत घरी.

पिशवी सध्या परत पलंगाखाली ढकलली आहे. आईला नमस्कार.

तुझा,
भिंगरी (तूच ठेवलेलं नाव)


१५ ऑक्टोबर

भिंगरी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा घरी, बहीण म्हणून. फार बरं वाटलं. अक्षर काही इतकं वाईट नाही, आणि तू चार पानं एका जागी बसून लिहिलीस याचंच आईला कौतुक.

दुसऱ्यांदा वाचलं ते दुकानात, भिंगं घासायच्या यंत्राशी बसून. आणि हात थांबला.

अरे, तुझ्या वस्तादांना दिसत नाही.

रागावू नकोस, शेवटपर्यंत वाच. समोरचे दिवे नकोत, ऊन नको, ढग हवेत. अंधार पडायच्या आत घर गाठायचं. चहा भिंतीवर. सिग्नलचा रंग दुसऱ्याला विचारायचा. पक्षी आवाजावरून ओळखायचे आणि रंग तुला विचारायचा. एकोणीस वर्षं पक्षी बघणारा माणूस दुर्बीण दिवसभर दुसऱ्याच्या गळ्यात ठेवेल? तो दिलदार असेल, पण दुर्बिणीच्या बाबतीत कुणी एवढं दिलदार नसतं.

तो तुला वाचायला शिकवत नाहीये रे. तू त्याला वाचून दाखवतोयस. आठ महिने.

आमच्याकडे डोळे तपासतात त्या बाईंना मी नाव-गाव न सांगता विचारलं. त्या म्हणाल्या, बहुतेक मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, बराच पिकलेला. तसं असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे, माणूस पुन्हा लख्ख बघायला लागतो. पण तपासल्याशिवाय सांगता येत नाही, आणि दुसरं काही असलं तर उशीर बरा नव्हे.

तोवर त्या ट्रकमध्ये बसू नकोस. हात जोडून सांगते. मागे काचा, पुढे तो, आणि शेजारी तू.

ताई


२१ ऑक्टोबर

ताई,

वा! माणूस न बघता, पाच-सहाशे मैलांवरून डोळे तपासलेस. दुकान बंद कर आणि टपालानेच धंदा कर.

वीस वर्षांत वस्तादांच्या गाडीतली एक काच फुटलेली नाही. एक! सगळ्या ड्रायव्हरांत त्यांचं नाव आहे. मागच्या महिन्यात धुक्यात बाकीच्यांनी गाड्या काढल्या नाहीत, हे गेले आणि वेळेवर आले. मी शेजारीच होतो.

मला पहिल्यांदा कुणीतरी शिकवलं, कुणीतरी बरोबर नेलं, तर त्यातही तुला खोट दिसली. तू नेहमी असंच करतेस. मी काही चांगलं सांगितलं की तू भिंग लावून बघतेस.

तसाही एक तारखेला मी बंदरावर जाणार आहे. मग कुणाचे डोळे कसे आहेत याच्याशी माझा काही संबंध नाही.

पत्राला उत्तर नाही दिलंस तरी चालेल.


२८ ऑक्टोबर

भिंगरी,

भांडायचंच होतं तर फोन काय वाईट होता? तिकिटं तरी वाचली असती.

उत्तर देते, कारण मी तुझी ताई आहे आणि तू नको म्हटलेलं करण्यात माझं आयुष्य गेलं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक शिवणकाम करणारी बाई आहे. तीन वर्षं तिची सुई शेजारचं पोर ओवून द्यायचं. ती त्याला म्हणायची, “ये, तुला सुई ओवायला शिकवते.” पोराला वाटायचं, आपण हुशार. तिलाही हळूहळू तसंच वाटायला लागलं, की आपण शिकवतोय. ती खोटं बोलत नव्हती रे. काम जाईल ही धास्ती होती तिला, आणि भीती सांगता येत नसली की माणूस अशी काहीतरी वाट काढतो. ते कुटुंब राहायला दुसरीकडे गेलं, आणि चौथ्या दिवशी तिच्या बोटातून सुई आरपार गेली. तेव्हा ती आमच्याकडे आली.

तू म्हणतोस वीस वर्षांत काच फुटली नाही. खरं असेल. वाटा पाठ असतात, हात तयार असतात. आणि गेले आठ महिने शेजारी तूही होतास. धुक्यात तू बोर्ड वाचत होतास की नव्हतास? खरं सांग. मला नको, स्वतःला.

आता माझं एकच ऐक. तू एक तारखेला बंदरावर निघून गेलास, तर दोन तारखेला तुझ्या जागी कोण बसेल? तो बोर्ड वाचून दाखवेल?

आधी खात्री करून घे. मी चुकले असेन तर मी माफी मागेन, लेखी, आईची सही घेऊन.

आईला मी बाकी काही वाचून दाखवलेलं नाही. एवढंच सांगितलं की तू उडते त्रेचाळीस पक्षी दोनदा मोजलेस. ती म्हणाली, “मग गणितात नापास कसा झाला मेला?”

ताई


१७ नोव्हेंबर

ताई,

माफी मागायची गरज नाही तुला.

तुझं पत्र आलं त्या दिवशी धुक्याची ती फेरी आठवली. मी बोर्ड वाचत होतो. सगळे. ते म्हणत होते, “आज जरा जास्त अभ्यास करू.” रात्रभर कूस बदलत राहिलो.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मी एक कोरा कागद घेतला. अगदी कोरा, दोन्हीकडून. त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, “वस्ताद, आजच्या मालाची यादी. बरोबर आहे का बघा.” त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. कागद जवळ धरला, लांब धरला. मग म्हणाले, “हं. ठीक आहे,” आणि घडी करून मला परत दिला.

ताई, मला रडू आलं. हात धुण्याच्या नळापाशी जाऊन तोंडावर पाणी मारून आलो. तेवढ्यात गाडी भरायची वेळ झाली.

आमच्याकडे एक पद्धत आहे. काचा बांधून झाल्या, शेवटचा पट्टा आवळला, की भरणाऱ्यानं ट्रकच्या दारावर तळहात दोनदा आपटायचा. ते दोन ठोके ऐकल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. मालक समोर उभा असला तरी नाही. कारण काचा नीट बांधल्यात की नाहीत हे फक्त बांधणाऱ्यालाच ठाऊक.

त्या दिवशी अठ्ठावीस काचा होत्या. दुकानाच्या दर्शनी काचा, प्रत्येक दाराएवढी. मी पट्टे आवळले. वस्ताद वर बसले, इंजिन चालू. मी दारापाशी गेलो आणि हात आपटला नाही.

ते वाट बघत राहिले. मग खिडकीतून डोकं काढून म्हणाले, “काय रे, झोपलास?”

मी म्हटलं, “खाली उतरा.”

“बांधलं नाहीस?”

“बांधलंय. पण मी ठोका देणार नाही. तुम्हाला दिसत नाही, वस्ताद. मघाशी दिला तो कागद कोरा होता.”

त्यांनी डोकं आत घेतलं. इंजिन बंद केलं. खाली उतरले, पायरी चुकू नये म्हणून हळूच. मला वाटलं आता एक ठेवून देतील. दिली असती तर बरं झालं असतं. हलक्या आवाजात म्हणाले, “कुणाला सांगितलंस?”

“फक्त ताईला. म्हणजे तिनंच मला सांगितलं.”

“कोण ताई? मी तिला कधी भेटलोय?”

“नाही. तिनं माझ्या पत्रावरून ओळखलं.”

आणि ताई, आता तुला जे सांगतो ते मी तुझ्यापासूनही लपवलं होतं. मला तेव्हा गप्प बसता येईना. एक खरं तोंडातून निघालं तसं दुसरंही निघालं. मी म्हटलं, “आणि तो काळा करकोचा नव्हताच.”

नव्हताच, ताई. लांब सावलीत काहीतरी मोठं, काळपट उभं होतं, एवढंच दिसलं. ते विचारायला लागले, पोट कसं आहे, चोच कशी आहे. मला वाटलं परीक्षा चाललीय, त्यांना सगळं दिसतंय आणि मला आजमावतायत. पक्ष्यांचं पुस्तक गाडीच्या बॉनेटवर उघडंच होतं. शाळेत करायचो तेच केलं. बघून उतरवलं. पोट पांढरं, चोच लाल, पाय लाल. मला वाटलं ते हसतील, म्हणतील, लेका, कॉपी करतोस? त्यांनी टोपी काढली. मग कसं सांगणार?

डोळ्यांचं सांगितलं तेव्हा ते ओरडले नव्हते. करकोच्याचं ऐकलं आणि सगळं आवार थांबलं असा आवाज चढवला. “एकोणीस वर्षांची वही आहे ती! एक खोटी ओळ नाही तिच्यात! तुझ्यावर विश्वास ठेवून लिहिलं मी!” मी म्हटलं, “मीही तुमच्यावर विश्वास ठेवूनच शेजारी बसत होतो.” कसं बोलून गेलो कोण जाणे. ते पांढरेफटक पडले. गाड्यांचं वेळापत्रक लावतात त्या बाईंना ‘पोटात दुखतंय’ असं सांगून खोलीवर निघून गेले. ट्रक दुसऱ्यानं नेला.

मग नऊ दिवस. मधली भिंत पातळ आहे, त्यांची खुर्ची सरकली तरी मला कळते. कामावर येत नव्हते. मी दार वाजवलं तर आतून, “झोपलोय.” मी पाव आणि उकडलेली अंडी दारात ठेवायचो, संध्याकाळी ताटली धुऊन बाहेर असायची. बोलणं शून्य. एक तारीख कधीच उलटून गेली होती. बंदरावरच्या माणसाचा फोन आला, जागा वर्षअखेरपर्यंत धरून ठेवतो म्हणाला. मी पिशवी भरली. तुला खोटं नाही सांगत, भरली. चेनही लावली. मग भिंतीपलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि मी पळत गेलो. पेला पडला होता, दुसरं काही नाही. ते जमिनीवर बसून हातानं चाचपत काचा वेचत होते. म्हटलं, “सोडा, तो माझा धंदा आहे.”

मी वेचल्या. ते पलंगावर बसून राहिले. मग म्हणाले, “तुला ट्रकमध्ये मी मागून घेतलं होतं, माहितेय? वेळापत्रकवाल्या बाईंना म्हटलं, मला तोच द्या. इतर पोरं गाडीत झोपतात. तू एका जागी बसत नाहीस, सारखा बाहेर बघतोस, जे दिसेल ते बडबडतोस. म्हटलं, हा बरा.” थोड्या वेळानं म्हणाले, “तुझ्या जिवाचा विचार केला नाही मी. करायला लागलो की थांबवायचो.”

मी म्हटलं, “करकोच्याबद्दल माफ करा.”

“ते नाही करणार,” म्हणाले. आणि उठून वही काढली. “ओळ कुठे आहे ती? बोट ठेव.”

मी बोट ठेवलं. त्यांनी पेन टेकवून ओळ खोडली. रेघ माझ्या नखावरूनही गेली. मग विचारलं, “आता खरं सांग. मान कशी होती?”

“खांद्यात आखडलेली. हलतच नव्हता.”

“राखी बगळा. लिही.”

वही माझ्याकडे दिली. मी लिहिलं, ‘राखी बगळा, एक.’ माझ्या अक्षरात.

काल सकाळी ते स्वतः चालत ऑफिसात गेले आणि ट्रकच्या किल्ल्या वेळापत्रकवाल्या बाईंच्या टेबलावर ठेवल्या. सगळं सांगितलं. धुक्याचंसुद्धा. मी बाहेर उभा होतो. ऐकून झाल्यावर बाईंनी दार लावून घेतलं. शेवटी असं ठरलंय की डॉक्टरचा कागद येईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, तोवर बांधणीच्या शेडमध्ये बुचं कापायची. डॉक्टर काय म्हणेल ते म्हणेल. वस्ताद आज सबंध दिवस बुचं कापत होते, सगळी सारख्या मापाची. संध्याकाळी माझ्या दाराशी येऊन म्हणाले, “तुझ्या त्या ताईला विचार, डोळ्यात सुरी घालतात तेव्हा माणूस जागा असतो का?”

विचारतोय.

भिंगरी


२४ नोव्हेंबर

भिंगरी,

त्यांना सांग, जागा असतो, पण दुखत नाही. थेंब घालून डोळा बधिर करतात. उजेड दिसतो, रंग हलताना दिसतात. सुरी वगैरे काही दिसत नाही. आमच्या इथे एका आजोबांनी तेवढ्यात डॉक्टरला नातीच्या लग्नाचं आमंत्रण दिलं होतं.

आता नीट वाच. आधी पूर्ण तपासणी. डोळ्याचा मागचा पडदा कसा आहे हे विचारायचं, तो चांगला असेल तर काळजी नाही. दोन्ही डोळे एकदम करायचे नाहीत. साखर तपासायची. नंतर थेंब वेळच्या वेळी घालायचे, आणि ते तू घालायचेस, कारण बाप्ये स्वतःचे थेंब गालावर घालतात. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळा चोळायचा नाही.

आणि आता माझंही एक. तुझं रागाचं पत्र आलं तेव्हा मी तुमच्या कारखान्याच्या नावानं एक पत्र लिहिलं होतं. सगळं. तुझं नाव घालून, त्यांचा हुद्दा घालून. पाकीट बंद केलं, तिकीट लावलं. चार आठवडे ते माझ्या पर्समध्ये होतं. रोज टपालपेटीसमोरून जायची आणि रोज म्हणायची, उद्यापर्यंत तो स्वतःहून काही करतो का बघू. मधे एखादी गाडी उलटली असती तर मी काय केलं असतं, हे मला अजून ठाऊक नाही. टाकायला हवं होतं की नव्हतं, तेही ठाऊक नाही.

आज फाडलं. तू सोडून पळशील असं वाटलं होतं मला. चुकले. हे लेखी समज.

पिशवीची चेन उघडलीस का, ते लिही.

ताई


१९ डिसेंबर

ताई,

पहिला डोळा झाला. उजवा.

तपासणीतच कळलं, मागचा पडदा चांगला आहे. डॉक्टर म्हणाले, “एवढा पिकेपर्यंत काय करत होता तुम्ही?” वस्ताद म्हणाले, “ट्रक चालवत होतो.” डॉक्टरना वाटलं विनोद आहे. ते हसले. आम्ही दोघं नाही हसलो.

दवाखाना मोठ्या शहरात, बसनं दोन तास. मी दोन दिवसांची रजा टाकली. आयुष्यात पहिल्यांदा रजा टाकली मी, आत्तापर्यंत नोकरीच टाकायचो. आत नेताना वस्तादांनी माझी बाही धरली आणि म्हणाले, “समज, नाहीच आलं काही. तर?” मी म्हटलं, “तर मी बडबडीन.” “ते आहेच,” म्हणाले आणि गेले.

वीस मिनिटं. मी घड्याळ बघत होतो. बाहेर आले ते डोळ्यावर पट्टी, आणि तक्रार एकच, की डॉक्टर सबंध वेळ गुणगुणत होते आणि बेसूर होते.

रात्रभर ठेवून घेतलं. मी बाहेर बाकावर आडवा झालो. सकाळी नर्सबाईंनी हाक मारली, म्हणाल्या, पट्टी काढायचीय, बसा जवळ. मी समोरच्या स्टुलावर बसलो. बाईंनी पट्टी काढली, डोळा पुसला. वस्ताद आधी खाली बघत होते, स्वतःच्या हातांकडे. हात उलटे-सुलटे करून पाहिले. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. म्हणाले, “आठ वाजून सतरा.” बाई म्हणाल्या, “बरोबर.” मग खिडकीकडे बघितलं, फार वेळ. तिथे काही खास नव्हतं. तारेवर कबुतरं होती, साधी. त्यांनी मोजली, ओठ हलत होते.

मग माझ्याकडे बघितलं. नीट, वरपासून खालपर्यंत. आणि म्हणाले, “भाऊ, इथे माझा मित्र बसला होता. तो कुठे गेला, बघितलंत का?”

मी म्हटलं, “वस्ताद, मीच.”

आवाज ऐकला आणि त्यांचा चेहरा बदलला. पुढे वाकायला लागले, बाई ओरडल्या, वाकायचं नाही! तेव्हा त्यांनी मलाच ओढून जवळ घेतलं. हनुवटीला धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून.

“किती वर्षांचा आहेस तू?”

“बावीस.”

“मला तिशीचा वाटत होतास. आवाज तसा आहे तुझा.” मग नुसते बघत राहिले. “अरे, तू तर पोरगा आहेस,” म्हणाले. “नुसतं पोरगं आहे हे.” हे मला नाही, बाईंना सांगत होते. “याला शेजारी बसवून मी धुक्यातून…” आणि डोळ्यात पाणी यायला लागलं तशा बाई पुन्हा ओरडल्या, आजच्या दिवस रडायचंही नाही!

मी म्हटलं, “आता बघून झालं असेल तर सोडा, मान दुखतेय.” सोडलं नाही. म्हणाले, “थांब जरा. आठ महिने शेजारी बसलायस, आता अकरावा लागला. सावकाश बघू दे.”

थेंब मी घालतो, दिवसातून चार वेळा, तुझ्या यादीप्रमाणे. दुसरा डोळा जानेवारीच्या अखेरीस. मग तपासणी, मग परवान्याची परीक्षा. होईलच असं डॉक्टर म्हणत नाहीत, पण होणार नाही असंही म्हणत नाहीत. वेळापत्रकवाल्या बाईंनी त्यांच्या किल्ल्यांना अजून दुसऱ्याचं नाव लावलेलं नाही, हे मी खिळ्यावर बघून आलो.

आणि बंदरावरच्या माणसाला काल फोन करून सांगितलं, येत नाही. तो म्हणाला, का रे, तू तर एका पायावर तयार होतास? मी म्हटलं, नाही जमणार. इथे एका माणसानं मला आत्ताच कुठे पाहिलंय.

तुझा,
भिंगरी